आठवणीला वळण कोण देतं?

मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ आठवणींचा आहे, आणि त्या आठवणी एका माणसाच्या नाहीत. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी निघून गेल्यावर, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, त्यांचे शिष्य आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या ऋद्धिपूरला स्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांच्या सहवासात जमले. शिष्यांतले प्रमुख नागदेवाचार्य स्वामींच्या स्मरणात गढून गेलेले असत. ते पाहून म्हाइंभट या विद्वान शिष्यानं स्वामींच्या आठवणी लिहून ठेवायचं मनावर घेतलं. तो एकेका माणसाला गाठत गेला. प्रसंग ज्यांच्यासमोर घडला त्यांच्या तोंडून तो ऐकायचा, पडताळायचा आणि मग लिहायचा, असं त्याचं काम चाललं. त्यातून ‘लीळाचरित्र’ उभं राहिलं.

या ग्रंथातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे वेगळ्या आठवणींना दिलेली जागा. एकाच प्रसंगाबद्दल दोघांचं स्मरण जुळलं नाही, तर त्यातलं एक पुसून टाकायची घाई पंथानं केली नाही. अमुकाचं म्हणणं असं, तमुकाचं तसं, हे नावानिशी जपलं गेलं. मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाली आणि हिराइसेसारख्या, ती मुखोद्गत असलेल्या माणसांच्या स्मरणातून पुन्हा लिहिली गेली, असं महानुभाव परंपरा सांगते. म्हणजे आधी आठवणीतून ग्रंथ झाला आणि नंतर तो ग्रंथच आठवणीतून परत मिळवावा लागला.

पण या माणसांना जे आठवलं, ते वाटेल तसं आठवलं नव्हतं. लीळा वाचत गेलं की त्यांची घडण ध्यानात येते. स्वामी कुठे होते, समोर कोण आलं, त्यानं काय विचारलं, स्वामी काय बोलले आणि काय केलं. बहुतेक आठवणी याच वाटेनं चालतात. जागेचं महत्त्व तर इतकं की स्वामींच्या वास्तव्याच्या ठिकाणांची नोंद करणारी ‘स्थानपोथी’ वेगळी तयार झाली. आणि भाषा? केसोबासांसारखा संस्कृतचा जाणकार पंथात होता. पण नागदेवाचार्यांनी मराठीचाच आग्रह धरला, कारण संस्कृतात लिहिलं तर पंथातल्या म्हाताऱ्या बायाबापड्या त्याला मुकल्या असत्या. ऐकणारं कोण आहे यावर आठवणीची भाषा ठरली, आणि स्मरण कशासाठी करायचं यावर तिचा आकार ठरला. माणसाचं लिखाण आणि त्याचा सांस्कृतिक वारसा यांचं नातं शोधताना मला इथूनच सुरुवात करावीशी वाटते. कारण वारसा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सण, पदार्थ, वाडे आणि दागिने येतात. लेखकाच्या दृष्टीनं वारशाचा खरा भाग तो नव्हे. आठवावं काय, कुणासाठी आणि कोणत्या रीतीनं सांगावं, हे शिकवणारा जो भाग असतो, तोच लिखाण घडवतो.

यातला पहिला मुद्दा विज्ञानानंही तपासलेला आहे. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांचं स्मरणावरचं पुस्तक १९३२ साली निघालं. त्यांनी आपल्याकडे आलेल्या इंग्रज मंडळींना उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा वाचायला दिली. भुतांच्या लढाईची ती कथा. नंतर काही मिनिटांनी, काही दिवसांनी, कुणाला तर त्याहूनही बऱ्याच उशिरा ती आठवून लिहायला सांगितली. दर वेळी कथा आखडत गेली आणि ओळखीची होत गेली. सीलची शिकार करायला निघालेली माणसं मासेमारीला निघाली. त्यांचं होडगं साधी बोट झालं. कथेचा प्राण असलेली भुतं तर कित्येकांच्या सांगण्यातून गळूनच गेली. बार्टलेट यांनी त्यातून काढलेला निष्कर्ष आज सर्वमान्य आहे : आपण आठवतो तेव्हा काहीतरी नव्यानं रचत असतो, आणि रचायचे आराखडे आपल्याला आपल्या समाजाकडून मिळालेले असतात. पुढे २००० साली करीम नादेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की पक्की झालेली भीतीची आठवण पुन्हा जागी केली, की ती काही काळ कच्ची होते आणि मेंदूला ती नव्यानं पक्की करावी लागते. दुसऱ्या शब्दांत, स्मरणाची प्रत्येक वेळ ही बदलाचीही संधी असते.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोरिस आल्बवाक्स यांनी बार्टलेट यांच्याही आधी, १९२५ साली, असं मांडलं होतं की माणूस एकटा बसून आठवत असला तरी त्याच्या आठवणी कुटुंब, धर्म, वर्ग अशा समूहांच्या चौकटीत टेकलेल्या असतात. चौकट मोडली की आठवणही धूसर होते. याचा लख्ख पुरावा न्यूझीलंडमधून आला. तिथल्या अभ्यासकांनी वेगवेगळ्या समाजांतल्या प्रौढांना त्यांची सर्वांत जुनी आठवण विचारली. युरोपीय वंशाच्या लोकांची पहिली आठवण सरासरी साडेतीन वर्षांच्या आसपासची निघाली. मूळ रहिवासी माओरींची मात्र त्याहूनही लहान वयातली, पावणेतीन वर्षांच्या आसपासची. माओरी घरांत पूर्वजांच्या, जन्माच्या, घडून गेलेल्या गोष्टींच्या कथा मुलांना भरभरून सांगितल्या जातात, हे त्यामागचं एक मोठं कारण मानलं जातं. मुलाला आठवण ठेवता येऊ लागते ती कुणीतरी त्याच्याशी आठवणी बोलतं म्हणून. घरातलं हे बोलणं म्हणजे लेखनाची पहिली शाळा, असं मला मनापासून वाटतं.

आठवण कशाला म्हणायचं, हेसुद्धा परंपरा ठरवते. सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाईंचं उदाहरण पाहा. वेरूळजवळच्या देवगावात जन्म, लहान वयात वयानं खूप मोठ्या बिजवराशी लग्न, घरादारासह भटकंती, कोल्हापुरात वासराचा लागलेला लळा, नवऱ्याची मारहाण, तुकोबांचा स्वप्नात झालेला उपदेश. हे सगळं त्यांनी अभंगांत सांगितलं आहे. मराठीत एका बाईनं स्वतःविषयी इतक्या सलगपणे केलेलं हे फार जुनं कथन. आणि त्याच बाई आपल्या मागच्या बारा जन्मांची हकिगतही तितक्याच सहजपणे सांगतात. आजच्या वाचकाला हे चरित्राबाहेरचं वाटेल. बहिणाबाईंना तसं वाटण्याचं कारणच नव्हतं. जन्म ही एकच खोली नसून पुढेमागे खोल्या असलेलं घर आहे, अशी त्यांची समज होती, तेव्हा ‘माझी हकिगत’ म्हणजे सगळ्या खोल्यांची हकिगत. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. गृहस्थाच्या घरातल्या बाईनं नवऱ्याच्या मारहाणीबद्दल चारचौघांत बोलायची रीत तेव्हा नव्हती. पण देवापुढे आपलं दुःख मांडायची रीत अभंगानं घालून दिली होती. नामदेव, जनाबाई, तुकाराम यांनी ती वाट मळवलेली होती. बहिणाबाई त्या वाटेनं गेल्या, म्हणून त्यांचं खाजगी दुःख आपल्यापर्यंत पोहोचलं.

जात्यावरची ओवीही अशीच एक वाट. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या कित्येक ओव्यांची मांडणी सारखीच असते, फक्त भावाचं नाव, गावाचं नाव, माहेरची वाट बदलते. कुणाची म्हणून ओळखता न येणारी ओवी ज्या बाईच्या तोंडी येते तिची होऊन जाते. सासुरवास, मुलीचा जन्म, आईची आठवण, सीता आणि विठ्ठल, सगळं त्याच दोन-चार चरणांत. इथे एक शास्त्रीय निरीक्षण जोडावंसं वाटतं. १९७५ साली गॉडन आणि बॅडली या संशोधकांनी पाणबुड्यांना काही शब्द पाण्याखाली आणि काही काठावर पाठ करायला लावले. जे शब्द पाण्याखाली पाठ केले ते पाण्याखालीच अधिक आठवले, आणि काठावरचे काठावर. जिथे शिकलो ती जागा स्मरणाला हात देते. ओवीची लय खुंट्याच्या फेऱ्याशी, दोघींच्या हातांच्या ओढीशी बांधलेली आहे. गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या आणि बायकांचे कष्ट वाचले, ही आनंदाचीच गोष्ट. मात्र ओवी ज्या हालचालीत राहत होती ती हालचालही त्याबरोबर सुटली. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता येत नव्हतं. शेतात आणि घरात कामं करताकरता त्या रचत गेल्या. त्यांचं जे काही घरच्यांनी टिपून ठेवलं ते त्यांच्या मृत्यूनंतर मुलगा सोपानदेव यांच्या खटपटीनं आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं १९५२ साली पुस्तकात आलं. जे टिपलं गेलं नाही, त्याचा विचार करवत नाही.

आता लक्ष्मीबाई टिळकांकडे येऊ. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचं आत्मचरित्र १९३४पासून टप्प्याटप्प्यानं पुस्तकरूपात आलं. तेव्हा लक्ष्मीबाईंनी पासष्टी ओलांडली होती. जन्म १८६८चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. सत्तावनच्या बंडाशी संबंध जोडून आईच्या वडिलांना फाशी झाली, आणि त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. बाहेरून घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय घ्यायची नाही, शिवाशिवीच्या भीतीनं घरातल्या बायका-मुलांचं जगणं मुश्किल. अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न. टिळक मोठे कवी, मनानं उदार, लहरी, घरातलं उचलून दुसऱ्याला देऊन टाकणारे, न सांगता निघून जाणारे. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. नवराबायकोची काही वर्षं ताटातूट झाली, आणि अखेर १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला.

चाळिशी उलटलेल्या माणसाला आयुष्यातलं काय आठवतं याचा अभ्यास करणाऱ्यांना असं आढळलं आहे की दहा ते तीस या वयातल्या आठवणी इतर काळापेक्षा अधिक दाट असतात. लग्नापासून बाप्तिस्म्यापर्यंतचा लक्ष्मीबाईंचा काळ बहुतांशी याच वयातला. पण काळ दाट असणं आणि तो पानावर जिवंत होणं यांत मोठं अंतर आहे. ते अंतर त्यांनी कशाच्या बळावर कापलं? शाळेचं शिक्षण नव्हतं. अक्षरं ओळखीची झाली ती टिळकांमुळे. जवळ होतं ते माजघरातलं बोलणं. दुपारच्या वेळी निवडणं-टिपणं करताना बायका ज्या रीतीनं घरातला एखादा प्रसंग रंगवून सांगतात, मध्येच एखाद्याची लकब उचलतात, दुःखाची गोष्ट सांगतानाच हसवतात, ती रीत त्यांच्या अंगात मुरलेली होती. वडिलांचं सोवळं ही खरं तर भयंकर गोष्ट. लक्ष्मीबाई ती अशी काही सांगतात की आपण हसतो आणि त्या हसण्यातच त्या घराचं घुसमटणं समजतं. इंग्रजी आत्मचरित्रांचे नमुने पुढे ठेवून त्यांनी लिहिलं असतं, तर हे हाती लागलं नसतं. मराठी गद्यातल्या उत्तमोत्तम पुस्तकांत मी ‘स्मृतिचित्रे’ सहज वर ठेवीन, आणि त्याचं श्रेय त्या माजघराला मोठ्या प्रमाणात जातं.

याच लक्ष्मीबाईंनी आणखी एक काम केलं. टिळक ‘ख्रिस्तायन’ हे येशूचं चरित्र ओवीबद्ध करत होते. सुरुवातीचे दहा-अकरा अध्याय झाल्यावर १९१९ साली ते गेले. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहून ग्रंथ पुरा केला. घर बदललं, धर्म बदलला, नात्यागोत्यांची ओढाताण झाली; ओवी मात्र त्यांच्यासोबत आली. ज्या ओवीत लहानपणापासून रामकथा आणि हरिकथा ऐकल्या, त्याच ओवीत त्यांनी येशूची कथा सांगितली. टिळकांनीही ख्रिस्ती भजनं अभंगाच्या वळणानं रचली होती. धर्मांतरानं वारसा तुटतो असं म्हणणाऱ्यांनी हा ग्रंथ एकदा हातात घ्यावा.

वारसा मात्र सगळ्यांना असा हात देत नाही. काहींच्या बाबतीत तो तोंड दाबणारा असतो. गावाच्या परंपरेनं ज्यांना वेशीबाहेर ठेवलं, त्यांच्या जगण्याला मराठी साहित्यात ओळखीचा आकारच नव्हता. कादंबरीत ते यायचे ते दुसऱ्याच्या नजरेतून. म्हणून सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून दलित लेखकांनी आत्मकथनं लिहिली, तेव्हा प्रत्येकाला आपली चौकट स्वतः बांधावी लागली. दया पवारांच्या ‘बलुतं’नं (१९७८) ती दोन माणसांच्या बोलण्यातून बांधली. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. गावकुसाबाहेरचं आणि मुंबईच्या कावाखान्यातलं बालपण जगलेला दगडू, आणि शिकून, नोकरी करून पांढरपेशा वस्तीत वावरणारा लेखक. एकाच माणसाचे हे दोन भाग एकमेकांसमोर बसतात. शिकलेल्याला ज्या आठवणी झाकाव्याशा वाटतात, त्या दगडू उघड्या करतो. सरळ ‘मी’ वापरून ही गोष्ट सांगितली असती, तर ती लाजेची पकड इतकी स्पष्ट दिसली नसती.

बेबी कांबळे यांनी वेगळा मार्ग घेतला. ‘जिणं आमुचं’ आधी ‘स्त्री’ मासिकातून आणि मग १९८६ साली पुस्तकरूपानं आलं. फलटणला लहानसं दुकान चालवणाऱ्या बेबीताई सामान बांधायला आलेल्या रद्दीतला मजकूर वाचायच्या आणि दुकानातच, नवऱ्याच्या नजरेआड, लिहायच्या. वह्या वर्षानुवर्षं लपवून ठेवलेल्या होत्या. त्या बाहेर आल्या त्या फलटणमध्ये स्थायिक झालेल्या अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रोत्साहनानं. या पुस्तकात ‘मी’ फार थोडी आहे. वीरगावचा महारवाडा, आषाढातले देवीचे दिवस, अंगात येणाऱ्या बाया, पोतराज, सासुरवासानं पिचलेल्या कोवळ्या सुना, भूक, आणि मग बाबासाहेबांच्या शब्दांनी ढवळून निघालेली वस्ती. सगळं ‘आम्ही’ या एका जागेवरून सांगितलेलं. आल्बवाक्स यांनी सांगितलेली समूहाची चौकट इथे डोळ्यांना दिसते. पण लक्षात घ्यायची गोष्ट अशी की बेबीताईंपुढे दोन चौकटी आहेत. एक देवऋषीपणाची, जी त्यांना रक्तात मिळाली आणि जी साऱ्या तपशिलांसह त्या आपल्यापुढे ठेवतात. दुसरी चळवळीची, जी त्यांनी विचारानं स्वीकारली आणि जिच्या उजेडात त्या पहिलीकडे पाहतात. वारशावर प्रेम आणि वारशावर राग, दोन्ही एकाच वाक्यात येऊ शकतात, हे मला त्यांच्याकडून शिकायला मिळालं.

ही दोन पुस्तकं वाचल्यावर आपल्याकडचं पुष्कळसं स्मरणरंजन मला पातळ वाटू लागतं. चुलीवरची भाकरी, अंगणातलं तुळशीवृंदावन, मामाच्या गावची गाडी, अशी यादी दिली की वारसा आला, असं समजून लिहिलेले लेख दिवाळी अंकांतून दरवर्षी येतात. त्यांतल्या वस्तू खऱ्या असतात, माया खरी असते. पण ती भाकरी कुणी थापली, तिला किती वाजता उठावं लागत होतं, आणि ती स्वतः कधी जेवली, हे विचारलं जात नाही. व्यंकटेश माडगूळकरांनी माणदेशाबद्दल लिहिलं तेव्हा त्यांच्याजवळही तीच सामग्री होती. ‘माणदेशी माणसं’ १९४९ साली आलं तेव्हा ते जेमतेम बावीस वर्षांचे होते. दुष्काळी मुलखात वाढलेल्या त्या तरुणानं माणसांना हळहळीच्या चौकटीत बसवलं नाही. गावच्या पारावर माणसाचं वर्णन जसं होतं, दोन खुणा, एक सवय, एक बोललेलं वाक्य, तशी त्यांची माणसं उभी राहतात. ‘बनगरवाडी’तले (१९५५) धनगरही तसेच. तीही मिळालेलीच रीत होती, पाराची.

मिळालेली रीत पुस्तकांतून किंवा बोलण्यातूनच येते असंही नाही. ती आईच्या कामातूनही येऊ शकते. कोकणातल्या, रत्नागिरी जिल्ह्यातल्या उर्मिला पवार यांचं आत्मकथन २००३ साली आलं, ‘आयदान’. बांबूच्या कामट्यांपासून विणलेल्या टोपल्या, सुपं, रोवळ्या म्हणजे आयदान. वडील लवकर गेले, आणि आई दिवसरात्र ही आयदानं विणून मुलांना वाढवत राहिली. तिची ती वीण आणि आपलं लिहिणं यांचं नातं उर्मिलाताईंनी स्वतः सांगितलं आहे. पुस्तकाची घडणही तशीच आहे. गाव आणि मुंबई, लहानपण आणि चळवळ, आई आणि पुढे स्वतःच्या मुली, असे पट्टे एकमेकांखालून-वरून जात राहतात. एक सुटून दूर गेल्यासारखा वाटतो आणि काही पानांनी पुन्हा वर येतो. त्यांच्या आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण लेकीला पुढे लागणारी बांधणीची रीत तिच्या हातांत होती, आणि लेकीनं ती लहानपणी ओटीवर बसून रोज पाहिली होती.